धड देवळीचं, डोकं यवतमाळकडचं

देवळीत गाडीचं बॉनेट उघडलं की चार माणसं जमतात. टायर काढला तर दोनच, कारण टायर काढण्यात आता पाहण्यासारखं काही उरलेलं नाही. इंजिन उतरवलं तर दहा-बारा, आणि त्यातल्या निम्म्यांना आपणही पूर्वी एकदा इंजिन उतरवल्याचं आठवतं. पण घरच्या आंगणात पिकपची अख्खी केबिन उचलून बाजूला ठेवायची आणि तिच्या जागी दुसऱ्याच गाडीची बसवायची, असा बेत ठरल्याची बातमी बसस्टँडवरच्या चहाटपरीपर्यंत गेली, तेव्हा गर्दीचा अंदाज बांधणंच अवघड झालं. खुर्च्या भाड्याने आणाव्या लागल्या नाहीत, कारण मांडववाला स्वतःच पाहायला आला आणि येताना खुर्च्या घेऊन आला.

त्यात देवळी हे कुस्तीचं गाव. जड वस्तू कशी उचलावी, याबद्दल इथे आखाड्याची माती कधी अंगाला न लागलेल्या माणसालाही ठाम मत असतं. ज्यांच्या अंगाला ती लागलेली, ते तर मत देऊन थांबत नाहीत, करून दाखवतात. एक जुने पहिलवान धोतर सावरून पुढेच बसले होते. केबिनला एक फेरी मारून ते म्हणाले, "पुढून हात घालू नका जी. मागून कंबर धरा लागते इची." मिस्त्रीने ऐकून घेतलं. मिस्त्री सगळ्यांचंच ऐकून घेतो. त्याचा पाना मात्र कुणाचंच ऐकत नाही.

गाडी आमच्या गल्लीतल्या भाऊंची. देवळी, पुलगाव, वर्धा, यवतमाळ या टापूत ती दिवाळीनंतर जिनिंगला कापूस नेते, मृगाच्या आधी बियाणं आणि खताची पोती आणते, आणि मधल्या दिवसांत लग्नाचे मांडव वाहते. एप्रिलातल्या एका रात्री भिडीकडून रिकामी येताना तिला रोही आडवा आला. पूर्ण वाढलेला नर रोही वजनाला दोनशे किलोच्या घरात जातो, आणि रस्ता ओलांडायचा विचार तो रस्त्याच्या मधोमध आल्यावर करतो. धडक झाली. रोही उठला, अंग झटकलं, पिकपकडे एकदा पाहून घेतलं आणि धुऱ्यावरून पलीकडच्या वावरात निघून गेला. पिकप मात्र जागच्या जागी बसली. बॉनेट दुमडलं, समोरची काच मांडीत आली, टपाचा उजवा खांब आत झुकला. भाऊंना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. ते घरी आले तेव्हा आजींनी, म्हणजे भाऊंच्या आईने, पहिलं विचारलं, "त्याले तं नाई ना लागलं?" त्याले म्हणजे रोह्याले.

रोह्याने कास्तकाराचं पीक खाल्लं तर वनविभागाकडे अर्ज करता येतो, पंचनामा होतो आणि भरपाई मिळते. पिकाची मिळते, पिकपची नाही. एका अक्षराने भाऊंचा घात केला.

राहिला विमा. मालवाहू गाडीच्या विम्याचा कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवण्यासाठी असतो, वाचण्यासाठी नसतो, अशी भाऊंची समजूत होती. अपघातानंतर त्यांनी तो पहिल्यांदा वाचायला घेतला, आणि मी मास्तर असल्यामुळे माझ्याकडून वाचून घेतला. व्यापारी गाडीच्या साध्या पॉलिसीत दिवे, मडगार्ड, बॉनेट, बंपर आणि रंगकाम धरलेलं नसतं. ते हवं असेल तर 'आयएमटी २३' नावाचं कलम जादा हप्ता भरून जोडून घ्यावं लागतं. थोडक्यात, गाडीचा जो जो भाग रोह्याला लागू शकतो तो तो सोडून बाकी सगळ्या गाडीचा विमा होता. शिवाय घसारा. गाडी दहा वर्षांपलीकडची असली की पत्र्यालोखंडाच्या भागांवर ५० टक्के कापतात. रबर आणि प्लास्टिकवर तर ती कालच शोरूममधून आणलेली असली तरी ५० टक्के. काचेवर तेवढा घसारा शून्य. काच पुऱ्या किमतीची मिळण्याची आशा होती, पण ती बसवावी अशी चौकट उरली नव्हती.

आणखी एक नियम त्यात होता. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विम्यातल्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी 'टोटल लॉस' धरतात. हे शब्द भाऊंनी आंगणात मोठ्याने उच्चारले तेव्हा पिकपचं इंजिन पहिल्या किल्लीला सुरू होऊन व्यवस्थित धडधडत होतं. चाकं सरळ होती, चेसिसला ओरखडा नव्हता, डाला शाबूत होता. मयत म्हणून जाहीर झालेला माणूस चहा मागतो आहे, असा तो प्रकार होता.

डेंटरला बोलावलं. डेंटर हा माणूस कोणत्याही पत्र्याला नाही म्हणत नाही. विहिरीतून काढलेल्या गाडीकडे पाहूनही तो "होते ना जी, लांबी लावून देऊ" असं म्हणतो. त्याने खिशातून सुतळी काढली आणि समोरच्या काचेच्या चौकटीला एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणून धरली. मग तीच सुतळी दुसऱ्या कर्णावर धरली. दुसऱ्या कर्णावर ती लोंबली. दोन कर्ण सारखे नसले की चौकट कलती झालेली असते आणि नवी काच तिच्यात कधी बसत नाही, बसलीच तर पहिल्या खड्ड्यात तडकते. डेंटरने सुतळी गुंडाळून खिशात ठेवली आणि म्हणाला, "नाई होत." देवळीत एका डेंटरने पत्र्याला नकार दिला, ही बातमी रोह्याच्या बातमीपेक्षा लांब गेली.

नागपूरच्या एका वर्कशॉपने नव्या केबिनचा आणि मजुरीचा जो आकडा सांगितला तो ऐकून भाऊ पिकपपेक्षा जास्त वाकले. आणि वर, लग्नसराई संपल्याशिवाय नंबर लागणार नाही. तेव्हा मिस्त्री म्हणाला, "सेम मॉडेलची जुनी केबिन पाहा. आंगणातच पलटवून देतो."

घरच्या घरी करू, हा विचार वर्धा जिल्ह्याला नवा नाही. सूत घरी कातावं, कापड त्याच सुताचं नेसावं, असं जगाला सांगणारा माणूस १९३६ मध्ये इथून जवळच राहायला आला. त्या वेळचं शेगाव म्हणजे आजचं सेवाग्राम. आणि मंडळी समजतात तितका त्या गावाचा पिकपशी दूरचा संबंध नाही. पिकप ही चीज कारखान्यातून तयार होऊन पहिल्यांदा बाहेर पडली ती १९२५ साली, हेन्री फोर्डच्या मॉडेल टीवर. त्याच्या आधी, १९१७ पासून, फोर्ड मॉडेल टीटी नावाची नुसती चेसिस विकत असे. केबिन आणि डाला ज्याचा त्याने पाहून घ्यायचा. तेव्हा आंगणात केबिन बसवणं हा जुगाड नसून मूळ पद्धतच ती आहे, हे मी भाऊंना पुन्हा पुन्हा सांगितलं. याच फोर्डने १९४१ साली गांधीजींना एक आदराचं पत्र लिहिलं. ते डिसेंबरात सेवाग्रामला पोचलं. गांधीजींनी उत्तरादाखल आपला एक चरखा सही करून पाठवला, आणि १९४२ च्या अखेरीस तो फोर्डच्या हातात पडला. चरखा इकडून तिकडे गेला, पिकप तिकडून इकडे आली. सौदा कुणाला स्वस्त पडला, यावर आमच्या आंगणात दोन तट होते.

फोर्डच्या देशात आजही हा उद्योग चालतो. त्यांच्या सुपर ड्यूटी पिकपमध्ये काही डिझेल इंजिनांचं मोठं काम निघालं की मिस्त्री इंजिन उतरवत नाहीत, केबिनच उचलून वर टांगतात आणि खाली निवांत काम करतात. मोबाइलवर तो व्हिडिओ आमच्या मिस्त्रीला दाखवला. त्याने पाहिला, मोबाइल परत दिला आणि म्हणाला, "त्याहीच्याकडे लिफ्ट हाय. आपल्याकडे माणसं हायेत."

केबिन मिळाली ती यवतमाळच्या पलीकडे, एका भंगारवाल्याकडे. ती ज्या गाडीची, तिचं इंजिन फुटलेलं, चेसिस वाकलेली, केबिन मात्र निर्मळ. ती आणली दुसऱ्या पिकपच्या डाल्यात घालून. यवतमाळ रस्त्याने येताना मागच्या गाड्यांना पुढे एक पिकप जाताना दिसे आणि तिच्या पाठीवर बसून दुसरी पिकप आपल्याकडे पाहताना दिसे. तिच्या समोरच्या काचेवर वरच्या बाजूला दोन पोरांची नावं रेडियममध्ये लिहिलेली होती आणि दारावर 'आई-बाबांचा आशीर्वाद'. कुणाच्या आई-बाबांचा, ते लिहिलेलं नव्हतं.

जुनी केबिन काढायचं काम बोल्टपासून सुरू होतं, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. ते वायरिंगपासून सुरू होतं. बॅटरी सोडली की हेडलाइट, इंडिकेटर, वायपर, हॉर्न, मीटर, टेपरेकॉर्डर या सगळ्यांच्या वायरी एकेक करून सोडवायच्या. कोणती कुठली हे विसरू नये म्हणून भाऊंच्या पोराने प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून वर पेनने लिहायला घेतलं. सुरुवातीच्या चिठ्ठ्या सुवाच्य होत्या: 'डावा हेडलाइट', 'हॉर्न'. दुपार चढत गेली तशा त्या 'हा इथला', 'हा पण इथला' अशा झाल्या, आणि शेवटच्या काही वायरींवर नुसतं प्रश्नचिन्ह होतं. क्लच आणि ब्रेकचे पाइप सोडताना ब्रेकऑइल रंगावर सांडू द्यायचं नाही, रंग खाऊन टाकतं ते. स्टिअरिंगचा जोड उघडण्याआधी दोन्ही तुकड्यांवर एकच रेघ मारून ठेवायची, नाहीतर नंतर गाडी सरळ जाते आणि स्टिअरिंग वाकडं राहतं. ही रेघ मिस्त्रीने आजींच्या हळदीकुंकवाच्या डबीतल्या कुंकवाने मारली. मार्कर सापडत नव्हता. आजी म्हणाल्या, बरंच झालं.

मग बोल्ट. केबिन चेसिसवर रबराच्या जाड बुशांवर बसलेली असते आणि खालून बोल्टांनी आवळलेली असते. दहा वर्षांची माती, खताच्या पोत्यांतून गळलेला युरिया आणि पावसाचं पाणी या तिघांनी मिळून ते बोल्ट असे धरून ठेवलेले की कंपनीनेही धरले नसते. आदल्या संध्याकाळी त्यांवर डिझेल मारून ठेवलं होतं. सकाळी गोटी पाना लावला, पान्याच्या दांडीवर पाइप चढवला, पाइपवर भाऊंचा साळा चढवला. पहिले काही सुटले. एक तुटला; त्याचं कुणी वाईट वाटून घेतलं नाही. आणि एक फिरू लागला.

सुटणारा बोल्ट वेगळा, तुटणारा वेगळा आणि फिरणारा वेगळा. केबिनच्या तळाच्या पोकळ पट्टीत आत एक नट कंपनीने वेल्डिंग करून बसवलेला असतो. गंजाने ते वेल्डिंग सुटलं की बोल्ट फिरवावा तसा आतला नटही त्याच्याबरोबर फिरतो. तो दिसत नाही, त्याला पाना लागत नाही, आणि आपण दिवसभर फिरवत राहिलो तरी तो आनंदाने फिरत राहतो. सुटत नाही. "फिरून राहिला," मिस्त्री खालून म्हणाला. "मंग फिरू द्या ना," गर्दीतून सल्ला आला. "आजपावेतो कोणता फिरता माणूस कामी आला?" मिस्त्रीने विचारलं. शेवटी जुन्या केबिनची जमीन तर भंगारातच जाणार म्हणून वरून पत्रा कापला, आतल्या नटाला वाइसग्रिपने धरलं आणि साहेब बाहेर आले. तो बोल्ट पोट्ट्यांनी हातोहात फिरवून पाहिला. पहिलवानांनी तो तळहातावर तोलला आणि म्हणाले, "याच्यात दम होता."

इतकं होईपर्यंत ऊन माथ्यावर आलं. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ ओलांडतो. लोखंडी पाना सावलीत ठेवला नाही तर उचलताना हात पोळतो. गर्दी मात्र हलली नव्हती. केबिनच्या वजनाचे अंदाज चालू होते, आणि ते सोयाबीनच्या कट्ट्यांत चालू होते. चार कट्टे, पाच कट्टे, एकाने तर डायरेक्ट एक बैल सांगितला.

उचलण्यासाठी मिस्त्रीने चेन कुप्पी आणली होती, पण टांगायची कशाला? आंगणातल्या कडुनिंबाच्या फांदीकडे सगळ्यांच्या नजरा गेल्या. फांदीखाली आजींची खाट होती. आजी काही बोलल्या नाहीत, पण सगळ्यांच्या नजरा खाली आल्या. जेसीबी गल्लीत वळत नव्हता. मग मांडववाल्याच्या बल्ल्या आणल्या. केबिनची दारं, काच, सीट, डॅशबोर्ड आधीच काढून वजन कमी केलं होतं. दोन बल्ल्या एका दाराच्या जागेतून घालून दुसरीतून बाहेर काढल्या आणि दोन्हीकडून माणसं लागली. एक जण सिंदी रेल्वेचा जावई होता. तिथल्या तान्ह्या पोळ्यात निघणारे टोलेजंग लाकडी नंदी हलवताना आपण हजर असतो, या भांडवलावर त्याने पुढचा डावा कोपरा मिळवला.

"चला, खांदा द्या!" मिस्त्री ओरडला.

एकदम शांतता पसरली. दोन बल्ल्या, खाली खांदे, वर निपचित पडलेली वस्तू, आणि भर उन्हात उघड्या डोक्याची माणसं. हे दृश्य कुणालाही ओळखू येण्यासारखं होतं. गल्लीतून सायकलवर चाललेला एक म्हातारा उतरला, त्याने टोपी काढली, आणि केबिन पुढे निघेपर्यंत तसाच उभा राहिला. मग ते काय आहे हे कळल्यावर टोपी घालून, शिव्या देत निघून गेला. पोट्ट्यांपैकी एकाने तोंड उघडलं होतं. आजींनी खाटेवरून हात वर केला, "ते दोन शब्द आंगणात काढायचे नाहीत," असा. त्यामुळे मंडळी 'हैय्या हो' म्हणत चालली.

चेसिसवरून केबिन वीतभर उचलली गेली आणि अडली. सगळे बोल्ट निघाले होते, सगळे पाइप सुटले होते, सगळ्या वायरींना चिठ्ठ्या होत्या. एक वायर राहिलीच होती. केबिन आणि इंजिन यांच्यामधली अर्थिंगची. ही वायर जगात सगळीकडे राहते. सुपर ड्यूटीवाल्यांचीही राहते, मी व्हिडिओत पाहिलं आहे. खांद्यावर बल्ल्या घेऊन मंडळी घामाने निथळत थांबली आणि मिस्त्री शांतपणे दहाचा पाना शोधू लागला. दहाचा पानाही जगात सगळीकडे हरवतो.

केबिन उतरली, बाजूला गेली, आणि मग जे उरलं ते पाहून पोट्टे खूष झाले: इंजिन, चाकं, स्टिअरिंगचा एक दांडा आणि मागे डाला. वयस्कर मंडळींना मात्र एक जुना रस्ता आठवला. पूर्वी ट्रक कारखान्यातून नुसत्या चेसिसच्या रूपात निघत. लाकडी केबिन आणि बॉडी पुढे बॉडीबिल्डरकडे बांधली जाई. तिथपर्यंत चेसिस नेणारे ड्रायव्हर हायवेवर उघड्यावर बसून शेकडो किलोमीटर जात. डोक्याला फडकं, डोळ्याला गॉगल, खाली फळकुट, समोर काच नाही, वर टप नाही. अशा पाच-सहा चेसिस एकामागून एक जाताना पाहिल्या की गावातली पोरं रस्त्याच्या कडेला ओरडत. आता सरकारचं धोरण बदललं आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या, साडेतीन टनांवरच्या ट्रकच्या केबिनमध्ये एसी असलाच पाहिजे. आपल्या पिकप बहुतेक त्या साडेतीन टनांच्या खालीच राहतात, म्हणून एसीतूनही सुटतात. त्या दुपारी भाऊंची पिकप मात्र चारही बाजूंनी हवेशीर होती. ती तशीच पेट्रोलपंपापर्यंत नेऊन आणतो, अशी परवानगी मागणाऱ्यांची रांग लागली. भाऊंनी किल्ली खिशात घातली.

ह्या मोकळ्या वेळात, बल्ल्यांना तेल लावत असताना, खरा प्रश्न निघाला. आता गाडी कुणाची? डोकं यवतमाळकडचं, धड देवळीचं.

हा प्रश्न आपल्याकडे फार आधी विचारून झालेला आहे. वेताळपंचविशीत एका बाईच्या हातून नवऱ्याचं डोकं भावाच्या धडावर आणि भावाचं नवऱ्याच्या धडावर बसतं. वेताळ विक्रमाला विचारतो, आता हिचा नवरा कोण? विक्रम सांगतो, ज्याच्या धडावर नवऱ्याचं डोकं आहे तो. कारण सगळ्या अवयवांत डोकं मुख्य. वेताळ खूष होऊन परत झाडावर जातो. पण विक्रमाने आरटीओत नोकरी केलेली नव्हती. मोटार वाहन कायदा १९८८ डोक्याला काही विचारत नाही. त्याचा जीव चेसिस नंबरात आणि इंजिन नंबरात असतो, आणि ते दोन्ही धडात ठोकलेले असतात. कलम ५२ म्हणतं, नोंदणीत उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठासून सांगितलं. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असा एकेक बदल पाच हजारांना पडू शकतो. भाऊंची केबिन त्याच मॉडेलची आणि पांढऱ्याला पांढरी असल्यामुळे, बदल कसला, सुटा भागच तो. रंग वेगळा असता तर आरसी बुकात नोंद करून घ्यावी लागली असती.

"म्हणजे एमएच ३२च ना?" भाऊंनी खात्री करून घेतली. धड वर्ध्याचं, म्हणून गाडी वर्ध्याची. डोकं एमएच २९ चं असलं तरी त्याला विचारतो कोण.

पहिलवानांना वेताळ पटला नाही. त्यांनी थेट मुळालाच हात घातला. "गणपतीचं काय झालं?" ते म्हणाले. आणि खरंच, घरच्या घरी डोकं बदलण्याचं पहिलं काम कैलासावर झालं, तेही सेम मॉडेल न पाहता. जे पहिलं दिसेल ते घेऊन या, एवढंच सांगून गणांना पाठवलं, आणि ते गेले ते हत्तीचं घेऊन आले. माप नाही, साल नाही, पार्ट नंबर नाही. आणि बसलं! वायरिंग कसं जुळवलं, याबद्दल पुराणं काही सांगत नाहीत. मिस्त्रीने हे सगळं हातातलं काम थांबवून ऐकलं आणि विचारलं, "मंग टाटाच्या छोट्या हत्तीची केबिन हिच्यावर बसन का?" २००५ साली एस आली तेव्हापासून लोक तिला छोटा हत्ती म्हणतात, त्यामुळे प्रश्न शास्त्राला धरून होता. "नाई," त्याने स्वतःच उत्तर दिलं. "देवाची गोष्ट वेगळी."

नवी केबिन बसवताना फारसं काही घडलं नाही. उतरवण्यापेक्षा बसवणं सोपं असतं, फक्त छिद्रावर छिद्र येत नाही तोवर अवघड असतं. पहार घालून, "थोडं तुमच्याकडे, आता आमच्याकडे, आता दोघांकडेही नाही," असं करत ते जमलं. नवे रबर, नवे बोल्ट, बोल्टांना ग्रीस. कुंकवाची रेघ कुंकवाच्या रेघेला मिळाली.

वायरिंगला संध्याकाळ झाली. चिठ्ठ्यांची चिकटपट्टी उन्हात सुटून गेली होती. 'हा इथला' ज्या वायरीचा होता ती 'हा पण इथला' कडे गेली. सगळं जोडून किल्ली फिरवली तेव्हा इंजिन लागलं. डावा इंडिकेटर दिला की वायपर एकदा हालून थांबे. हॉर्न वाजवला की पाठीमागचे ब्रेकलाइट लागत. भाऊंना हे आवडलंच. आपण मागच्यालाही सांगतो आणि पुढच्यालाही. पण मिस्त्रीच्या इभ्रतीचा प्रश्न होता. त्याने बॅटरीच्या उजेडात बसून सगळं सरळ केलं. इंडिकेटर दिल्यावर वायपरची थोडी चुळबुळ मात्र राहिली, आणि ती अजून आहे.

मग काचेवरची नावं. पेंटर ब्लेड घेऊन खरडायला बसला तेव्हा आजी खाटेवरून उठून आल्या. "कोनाच्या लेकराईची नावं हायेत थे?" कुणालाच माहीत नव्हतं. "मंग अशी खरडू नका. जिती-जागती लेकरं असतीन." पेंटर थांबला. भाऊ म्हणाले, "माय, आपली गाडी, त्याहीची नावं?" आजी म्हणाल्या, "जागा हाय ना खाली?" जागा होती. खाली भाऊंच्या दोन पोरांची नावं आली. आता देवळीतून वर्ध्याला जाताना त्या पिकपच्या कपाळावर चार मुलं असतात, आणि दारावरचा आशीर्वाद आता दोन्हीकडच्या आई-बाबांचा धरला जातो.

केबिन बदललेल्या गाडीने पहिलं दर्शन कुणाचं घ्यावं, यावर वाद झालाच नाही. यवतमाळ रस्त्यावर कळंब आहे, आणि कळंबचा चिंतामणी आहे. तिथे पायऱ्या उतरून जमिनीखाली जावं लागतं. वर्ध्याहून आगगाडीही आता कळंबपर्यंत जाते, २८ फेब्रुवारी २०२४ पासून, देवळी-भिडीवरून. पण पिकपला दर्शन घडवायचं तर पिकपच नेली पाहिजे. मागे डाल्यात कोण बसलं होतं, ते इथे लिहिण्याचं कारण नाही. दर्शन झालं, नारळ फुटला, आणि भाऊंनी टायरची हवा पाहायला गावाबाहेरच्या एका पंक्चरवाल्याकडे गाडी लावली.

पंक्चरवाला पाइप घेऊन आला, समोर थांबला, काचेकडे पाहिलं आणि पाइप खाली ठेवला. "आले का?" तो म्हणाला. "मले वाटलं, आता येत नाई."

भाऊंना काही कळलं नाही. त्याने आतून वही आणली. दोन ट्यूब, एक गॅटर, मजुरी. सातशे वीस रुपये बाकी. दिवाळीच्या आधीची.

"भाऊ, गाडी आमची हाय. देवळीची. एमएच ३२ पाहा ना."

"नंबर तं कोणीबी बदलवते जी."

भाऊंनी आरसी बुक काढलं. चेसिस नंबर दाखवला. मी पुढे होऊन कलम ५२ सांगितलं, धडाचं महत्त्व सांगितलं, वेताळापर्यंत जाणार होतो. पंक्चरवाल्याने ते सगळं नीट ऐकलं.

"चेसिस मी कायले पाहू, मास्तर?" तो म्हणाला. "उधारी तं तोंड पाहूनच देतो ना आपण."

यावर माझ्याकडे काही नव्हतं. विक्रमाकडे असतं, पण तो त्याच्याच बाजूचा. बरीच घासाघीस होऊन निम्म्यावर तोडगा निघाला: तीनशे साठ, डोक्याचे, धडाचे माफ. भाऊंनी पैसे मोजले आणि पक्की नोंद करायला सांगितली. पंक्चरवाल्याने वही उघडली. खातं नंबरावर नव्हतंच, वर लिहिलेलं होतं, 'दोन पोरांची पिकप'. त्याने काचेकडे एकदा पाहिलं, 'दोन' खोडून 'चार' केलं आणि आजच्या हवेचे वीस रुपये खाली बाकीत टाकले.